करडईचा डबा आणि मुगाचं रान

पनवेल
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

ती. आई आणि ती. अण्णा यांना बेबीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण अण्णा कानातलं मशीन कपाटात ठेवून फोन घेतात आणि प्रत्येक वाक्याला ‘हां, हां’ म्हणतात. आणि आई, तू बिल अजून मिनिटावर येत असल्यासारखी फोन ठेवायच्या घाईत असतेस. लिहिलेलं असलं म्हणजे दोघांना निवांत वाचता येतं आणि मध्येच ‘कशाला एवढा खर्च करायलीस’ म्हणून मला तोडता येत नाही.

तर झालंय असं, की या महिन्यापासून दुकानातून तेलाचा डबा येणार नाही. शेटजींना मी शुक्रवारीच फोन करून सांगितलं. त्याऐवजी परभणीहून, जिंतूर रोडच्या लाकडी घाण्यावरून, करडईचं पाच किलो आणि शेंगदाण्याचं दोन किलो तेल एसटीच्या पार्सलनं सेलूला येईल. पैसे दिलेत. दिवाळी, संक्रांत, होळी सगळं धरून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचे दिलेत, तेव्हा परत पाठवायचं मनात आलं तरी उपयोग नाही. घाणेवाले परत घेत नाहीत, मी विचारून ठेवलंय.

शेटजींना वाईट वाटलं का, हे अण्णा आधी विचारतील. नाही वाटलं. ‘तेलाच्या डब्यात मला सुटतंय काय, बाई,’ म्हणाले आणि मग बराच वेळ स्वतःच्या गुडघ्याचं सांगत बसले. साखर, डाळी, रवा, चहा, साबण, आईची ती ठरलेली अगरबत्ती, सगळं त्यांच्याकडूनच येणार आहे. दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत त्यांनी आपल्या नावाची वही उघडी ठेवली होती, हे मी कसं विसरेन? दुकान गावातलं, माणूस गावातला. माझं भांडण दुकानाशी नाही, फक्त त्या डब्याशी आहे.

अण्णा, तुम्ही म्हणाल, हे सगळं मागच्या महिन्यातल्या रिपोर्टमुळं. थोडं आहे त्यामुळं, लपवत नाही. पामोलिनमध्ये गोठणारी चरबी चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. ते समजायला रिपोर्ट कशाला हवा, डिसेंबरात डब्यात पळी घातली की अर्ध्यात अडकते आणि आई डबा चुलीच्या कडेला सरकवून ठेवते, हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. करडईत ती चरबी दहा टक्क्यांच्याही आत असते. पण डॉक्टरांनी ‘तेल बदला’च्या आधी ‘तेल कमी करा’ म्हटलं होतं, दोघांत मिळून महिन्याला एक किलो. हे आई, तुझ्यासाठी लिहितेय, कारण पळी तुझ्या हातात असते आणि तुझा हात लहानपणापासून सैल. आणि अण्णा, तेल बदललं म्हणून सकाळची गोळी बंद करायची नाही. ‘आता देशी तेल खातोय, गोळी कशाला’ हे वाक्य मला आत्तापासून ऐकू येतंय.

खरं कारण मात्र वेगळं आहे. मागच्या दिवाळीनंतर मी तुमच्याबरोबर सोयाबीन घेऊन मोंढ्याच्या बाजारात आले होते, आठवतं? हमीभाव क्विंटलला ४६०० चा होता आणि व्यापाऱ्यानं ओल धरून, माती धरून त्याच्या खाली कितीतरी मोजले. तुम्ही काही बोलला नाहीत, हिशेबाची पट्टी घडी करून खिशात ठेवली. परत निघताना आईनं सांगितलेलं सामान घेतलं, त्यात पंधरा किलोचा डबा. टेंपोत रिकाम्या पोत्यांच्या घडीवर तो ठेवला आणि वळणावर पडू नये म्हणून तुम्ही गावापर्यंत त्याच्यावर हात ठेवून बसलात. डब्यावर मोठं पिवळंजर्द सूर्यफूल होतं. माझी नजर सवयीनं खाली गेली, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘रिफाइंड पामोलिन’ असं होतं. तेलबी विकून आलेला माणूस इंडोनेशिया-मलेशियाचं तेल सांभाळत घरी चाललाय, असं मला दिसत होतं आणि तुमच्यापुढं बोलता येत नव्हतं. दहा महिने झाले, ते काही डोळ्यांपुढून जात नाही.

आता तुम्ही हसाल. जिचं घर आयातीच्या कागदांवर चालतं तिनं हे सांगावं! आमच्या ऑफिसात दिवसभर तेच काम, कुठल्या मालाला कुठला कर, कुठला कागद कमी. तेलाचेही कागद येतात. कच्चं पामतेल जहाजाच्या टाक्यांतून येतं, बंदराजवळच्या टाक्यांत उतरतं, मग रिफायनरी, मग डबा, मग शेटजी. देशाला लागतं त्यातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, वर्षाला दीडशे लाख टनांच्या वर. पण मला हे कळतं ते त्या कागदांमुळंच, तेव्हा नोकरीला बोल लावू नका.

याच महिन्यात १४ तारखेपासून कच्च्या पामतेलावरचा एकूण कर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलाय. डबा एकदम महागला तो त्यामुळं. शेटजींनी मनानं भाव वाढवला असं आई म्हणत होती, ते तसं नाही. दोन-अडीच वर्षं तो कर साडेपाचवर होता, आणि त्याच दोन-अडीच वर्षांत आपलं सोयाबीन हमीभावाकडं बघत मोंढ्यात पडून होतं. यंदा हमीभाव ४८९२ आहे आणि मोंढ्यातला आकडा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे.

यावर तुम्ही म्हणणार, सोयाबीनचा भाव तेलावर नाही, पेंडीवर ठरतो. बरोबर आहे. शंभर किलोत तेल अठरा किलोच्या घरात, बाकी पेंडच. २०२१ च्या ऑगस्टात भाव दहा हजारांवर गेला तेव्हा बाहेरून आणायला परवानगी दिली ती पेंडीलाच, बारा लाख टन. तेव्हा आपलं सोयाबीन आधीच विकून झालं होतं, तो विषय काढत नाही. पण तेल काय, पेंड काय, स्वस्त माल दारात आला की खाली बसतो तो आपलाच भाव. मी डबा बंद केल्यानं मोंढ्यात एक पैसाही वर जाणार नाही, एवढं मलाही कळतं. आणि उद्या सगळ्या देशानं पामतेल सोडायचं ठरवलं तर तेवढ्या तेलबिया पेरायला रान कुठून आणणार, हा तुमचा पुढचा प्रश्न. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. मी आपल्या घरापुरतं बोलतेय. आपल्याकडं रान आहे.

पैशाचं सांगते, म्हणजे आई रात्रभर हिशेब करत बसणार नाही. डब्यातलं तेल आता सव्वाशेच्या आसपास पडतं, घाण्याचं करडईचं तीनशेच्या. महिन्याला तुम्हाला लागणार किलोभर, पाहुणेरावळे धरून दोन. फरक साडेतीनशे रुपयांचा. इकडं आम्ही चौघं एखाद्या रविवारी डोसा खायला बाहेर पडलो तरी याहून जास्त जातात, आणि डोशाची चटणी तुझ्या चटणीच्या पासंगालाही पुरत नाही. तेव्हा ‘आमच्यावर खर्च’ हे शब्द या घरात बोलायचे नाहीत. माझ्या कॉलेजच्या फीसाठी काय काय विकलं गेलं होतं ते मला सांगितलं नव्हतं तरी मला दिसत होतं.

अजून एक. रेशनवरच्या ‘आनंदाच्या शिध्या’त शंभर रुपयांत रवा, साखर, डाळीबरोबर पामतेलाची पिशवी मिळते म्हणून ती आणायला अण्णांनी रांगेत उभं राहायचं नाही. रवा-साखर हवी तर आपलं रान वाट्यानं करणाऱ्या बटईवाल्याच्या पोराला पाठवा. तेलाची पिशवी त्याच्याच घरी जाऊ द्या, त्यांच्याकडं खाणारी तोंडं जास्त आहेत. त्याला महाग तेलाचं शहाणपण सांगायला मी जाणार नाही.

लहानपणी आपल्या घरात तेल म्हणजे करडईच. रेशनचं पामतेल तेव्हाही यायचं, पण आजी त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू द्यायची नाही. पोतं घाण्यावर नेलं की अण्णा मला आडव्या लाकडावर बसवायचे, वजन म्हणून. बैल फिरायचा, मी फिरायचे, डोळ्यांपुढं सगळं हिरवं-पिवळं व्हायचं आणि तरी उतरायचं नसायचं. पेंडीचा कोमट तुकडा हातात घेऊन घरी यायचं. ज्वारीची गरम भाकरी, मधे बोटानं खळगा, त्यात तिखट आणि वर करडईच्या तेलाची धार. घशाला तो कच्चा, उग्र वास लागायचा. मुंबईत कितीतरी जणांना तो सोसत नाही. मला मात्र परवा घाण्याचा नमुना म्हणून पाव लिटर आला, झाकण उघडलं आणि ऑफिसचा डबा भरायचा सोडून मी ओट्यापाशीच उभी राहिले. ह्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, मिरची भाजतेय.

आणि मग आई, तुझे हात. ते मी विसरलेय असं समजू नकोस. करडई काढायची म्हणजे दिवस उगवायच्या आत, दवानं काटा मऊ असतो तेवढ्यात. ऊन चढलं की हात लावायची सोय नाही. हाताला जुन्या धोतराच्या पट्ट्या, पिंढऱ्यांना पोती गुंडाळून तुम्ही बाया रानात उतरायच्या. संध्याकाळी आजी दिव्यापाशी तुझा तळवा धरून सुईनं काटे काढायची, आणि दिवा धरायचं काम माझं. तू तोंडातून चकार शब्द काढायची नाहीस, फक्त पायाचा अंगठा दाबायचीस जमिनीवर. ज्या वर्षी करडई बंद झाली त्या वर्षी तू म्हणालीस, काट्यांतून सुटले. अण्णा म्हणाले, भाव राहिला नाही म्हणून बंद केली. मला वाटतं, दोघांचंही खरं आहे. पामोलिन १९९४ मध्ये खुल्या आयातीत आलं तेव्हा त्याच्यावर ६५ टक्के कर होता, चार वर्षांत तो १५ वर आला. आपली करडई बंद झाली ती त्याच दिवसांत. त्याच्या आधी काही वर्षं देश तेलाच्या बाबतीत जवळजवळ स्वतःच्या पायांवर उभा होता, हे सांगितलं तर माझ्या ऑफिसातल्या पोरांना थाप वाटते.

आता जे लिहिणार आहे ते आईनं शांतपणे वाचायचं. पूर्ण वाचायचं आणि मग रागवायचं.

मुगाचं रान मोकळं आहे. त्यातलं एकच एकर, विहिरीच्या अंगाचं, यंदा करडईला द्यायचं मी ठरवलंय. म्हणजे बटईवाल्याशी बोलणं झालंय. थांब, काट्यांचं ऐक. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची जात काढली आहे, नारी-६. ह्यांचे मित्र फलटणलाच असतात, त्यांच्या हातून पाच किलो बी मिळालंय, एकराला तेवढं पुरतं. काढणीला कोणाच्याही हाताला पट्टी बांधायची नाही, हार्वेस्टर येईल. तू बांधावरसुद्धा जायचं नाहीस. गेलीस तर फक्त भाजीला. विरळणीची कोवळी भाजी दिवाळीच्या सुमारास येईल आणि मी तेव्हा तिथं असेन. ती तू करायचीस, मूगडाळ घालून, तेल बेतानं.

अण्णा, तुमची शंका मला माहीत आहे. बिनकाट्याची करडई म्हणजे रोह्यांना आणि हरणांना जेवणाचं बोलावणं. ज्वारीभोवती करडईच्या ओळी, तास टाकायचे ते राखणीलाच, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून कडेचे चार-सहा तास काटेरीच पेरायचे, परभणी कुसुम. ते बी विद्यापीठातून धाकटे काका आणतील, त्यांचं तिकडं येणंजाणं आहे. ते तास हार्वेस्टरला सोडून द्यायचे, कोणी विळा घेऊन जायचं नाही. पेर दसऱ्याच्या आत व्हायला हवी, पुढं ढकलली की ओल जाते आणि मावाही जास्त लागतो. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे शहाणपणाच. पण ‘बघू, सोयाबीन निघू दे आधी’ असं तुम्ही म्हणणार म्हणून लिहून ठेवलं.

पाच क्विंटल झाली तरी घाण्यावर सव्वाशे किलोपर्यंत तेल पडेल. तुमचं, माझं, ताईचं, काकांचं वर्षाचं त्यात भागतं आणि बटईवाल्याचा वाटाही निघतो. हमीभाव ५८०० चा आहे, मोंढ्यात तेवढा मिळेलच असं नाही, म्हणून विकायची भाषाच नको. घरी खायची. पेंड गाईला. नाही साधलं तर एका एकराचं नुकसान माझ्या नावावर लिहा, काकांपुढं मला बोलू नका म्हणजे झालं.

आता डबा आल्यावर काय करायचं ते. सेलूच्या स्टँडवर अण्णांनी स्वतः जायचं नाही, बटईवाल्याचा पोरगा मोटारसायकलवर आणेल, त्याला मी सांगितलंय. आला की स्टीलच्या बरणीत ओतून घ्या, खिडकीपाशी ठेवू नका. जुन्या डब्यात ओतू नका, कितीही धुतलात तरी. खाली गाळ बसेल, ते खराब झालेलं नसतं. करडईचं तेल भाजीला, फोडणीला आणि भाकरीवर. पुऱ्या-भजी त्यात तळायच्या नाहीत, त्यासाठी शेंगदाण्याचं पाठवलंय, आणि तळण महिन्यातून एकदा. तळून उरलेलं गाळून परत वापरायचं नाही. आई, मी ओळखते तुला, तू वाटीत झाकून ठेवशील. आणि चांगलं तेल पाहुण्यांसाठी उचलून ठेवून स्वतः उरलंसुरलं संपवत बसायचं नाही. ताटलीत बदाम ठेवले तरी तू नातवंडांसाठी डब्यात परत टाकतेस, ते मला माहीत नाही असं नाही.

पामोलिनचा शिल्लक डबा वाया घालवा असं मी म्हणत नाही. गुरुवारी घट बसतायत, नऊ दिवस दिव्याला लागेल. देवीला हलकं आणि आपण भारी खायचं का, असं तू म्हणशीलच. तर मग देवीला करडईचं घाल आणि तो डबा विळ्या-कोयत्यांना, बिजागऱ्यांना वापरा. सर्वपित्रीचा स्वयंपाक मात्र नव्या तेलात झाला तर बरं. पार्सल मंगळवारी निघतंय, बुधवारी सकाळी मिळायला हवं. आजीच्या नावानं वडे व्हायचेत, ते शेंगदाण्याच्या तेलात तळ, त्या दिवशी मी मोजायला येत नाही.

बाकी, दुलया उन्हात घालायला कोणालातरी सांगा, तू माळ्यावर चढू नकोस. गीझरवाला शनिवारी येईल, त्याला जेवायला बसवू नका, तो कामच विसरतो. कानाच्या मशीनचे सेल पार्सलमध्येच आहेत, छोट्या निळ्या डबीत. अण्णा, ते लावलंत तर मला पत्रं लिहावी लागणार नाहीत. दिवाळीला आम्ही धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री निघतोय, सकाळी पोचू. फराळाचं काहीही करून ठेवायचं नाही. चकल्या मी तिथं येऊन करीन, तू पाटावर बसून चुका काढायच्या.

दोघांना नमस्कार. ह्यांचा आणि मुलांचाही.

तुमची
बेबी

ता. क. बियाण्याची पिशवी काकांकडं शुक्रवारपर्यंत पोचेल. अण्णांनी ती उघडून दोन दाणे दाताखाली फोडून बघणं आलंच. पण त्याला औषध चोळलेलं आहे, तेव्हा नाही म्हणजे नाही. आई, पिशवी तुझ्या कुलपात ठेव.